बासरीवर शुद्ध मध्यम काही केल्या लागत नाही

पोकळ_बांबू (धागाकर्ती)

मंडळी, आधीच सांगते, हसायचं नाही.

बासरी हातात घेऊन आठ महिने झाले. पहिले चार महिने मिळतील ते व्हिडिओ बघून एकटीच खटपट करत होते. सहाही छिद्रं बंद केली की सा, असं धरून चालले होते. खालून एकेक बोट उचलत गेलं की सारेगमपधनी बिनबोभाट वाजायचं. वाटलं, लोक उगाच या वाद्याचा बाऊ करतात. मग शिकवणी लावली आणि पहिल्याच दिवशी कळलं की मी ज्याला सा म्हणत होते तो मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम आहे. सा तर वरची तीन छिद्रं बंद केल्यावर येतो. चार महिन्यांचा सगळा संसार उचलून तीन भोकं वर न्यायचा!

नेला. आता मंद्र प पासून मध्य (मधल्या सप्तकातल्या) ग पर्यंत बरं वाजतं. अडलंय ते शुद्ध मध्यमावर. पहिलं छिद्र अर्धं उघडायचं म्हणतात. अर्धं म्हणजे नेमकं किती? कधी तो ग ला चिकटतो, कधी सरळ तीव्र (अर्धा स्वर वर) होऊन बसतो, आणि चुकून बरोबर लागलाच तर दुसऱ्या खेपेला तिथे सापडत नाही. त्यात म वरून प वर जाताना सहा बोटं एकदम टेकवायची. ती एकदम काही टेकत नाहीत आणि मध्येच 'फुईक्' असा आवाज निघतो. आई पलीकडच्या खोलीतून ओरडते, "चौथा सूर पडला!" ती गाणं शिकलेली नाही, पण जन्मभर भजनं म्हणत आलीये, आणि तिचा कान माझ्या ट्यूनर ॲपपेक्षा कडक आहे.

बाकीचे सगळे शुद्ध स्वर अख्ख्या भोकाचे आणि हा एकटाच अर्ध्या भोकाचा, हा काय अन्याय? बासरी पांढरी पाचची (सा पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा) आहे, त्यावर 'जी' असं कोरलंय. लांबी साधारण दोन फूट.

चिपळ्या

"सहाही बंद म्हणजे सा" या पंथात मी दोन वर्षं होतो. तुम्ही चार महिन्यांत सुटलात. वाचतोय.

बूचकाका

ताई, अन्याय नाही, बासरीची जातच तशी आहे. जरा मोजून बघू.

सहाही बंद, मंद्र प. तळाचं बोट उचललं की ध, त्याच्या वरचं उचललं की नि, आणखी एक उचललं की सा. पुढे तसंच रे, ग, आणि शेवटी तोंडाजवळचं बोटही उचललं की म. पण कुठला म? तीव्र. कारण या सगळ्या चढणीत नि ते सा हे एकच पाऊल अर्ध्या स्वराचं आहे, बाकी प्रत्येक पाऊल पूर्ण स्वराचं. ग पासून पूर्ण पाऊल टाकलं की शुद्ध मध्यम पायाखालून निघून जातो. पेटीवर बोटं ठेवून पाहा, लगेच ध्यानात येईल.

म्हणजे बासरीला तिच्या भोकांवर सोडून दिलं तर ती यमनचे स्वर (म तीव्र, बाकी सगळे शुद्ध) वाजवते. पांढरी एकमध्ये पेटी वाजवणाऱ्याला बिलावल (सगळे शुद्ध स्वर) सोपा आणि यमनला एक काळी पट्टी शोधावी लागते. आपलं उलटं. यमन फुकटात, बिलावलला कष्ट.

आणि तुम्हाला पहिल्या चार महिन्यांत म चा त्रास का झाला नाही? कारण प ला सा धरलंत, की तेच अर्धं पाऊल सरकून तिसऱ्या आणि चौथ्या स्वरांच्या मधे येतं. तिथेच बिलावलला ते हवं असतं. भोकं तीच, सा बदलला की थाट बदलला. मूर्च्छना म्हणतात ती हीच. तुम्ही नकळत वाजवून बसलात.

मग सगळे तसंच का वाजवत नाहीत, हा पुढचा प्रश्न येणार. नळीचा तळ हाच सा केला तर सा च्या खाली उतरायला पायरीच उरत नाही. आलाप मंद्रात गेला पाहिजे, नाहीतर राग उभा कशावर राहणार? तीन छिद्रांवर सा ठेवला की खाली नि, ध, प हातात येतात. कर्नाटक पद्धतीची बासरी आठ छिद्रांची आणि तिथे सा वरची दोन बंद करून धरतात. म्हणजे सा कुठे ठेवायचा हे बांबूने ठरवलेलं नाही, वाजवणाऱ्यांनी ठरवलंय.

तोडगा नंतर लिहितो, आत्ता बाहेर पडायचंय.

कोमल_रे

एका अर्ध्या भोकाला रडताय? भैरव घेतलात की तीन होतील: कोमल (अर्धा स्वर उतरलेला) रे, कोमल ध आणि तुमचा लाडका शुद्ध म. भैरवीत पाच. पहिल्या भोकावर म, दुसऱ्यावर कोमल ग, तिसऱ्यावर कोमल रे, पाचव्यावर कोमल नि, सहाव्यावर कोमल ध, सगळे अर्धे. एकटं चौथं छिद्र सुखी, कारण नि आणि सा च्या मधे अर्धं करायला काही उरलेलंच नाही.

त्यातल्या त्यात म चं बोट तर्जनी आहे, ती निदान ऐकते. कोमल ध अनामिकेचा. तिला अर्धं उचल म्हटलं की ती करंगळीला विचारून येते.

षड्जवेडी

बोटाचं बूचकाका सांगतीलच, मी कानाचं सांगते. माझ्या मते अडचण कानाचीच आहे. अर्धं म्हणजे किती हे बोटाला कोणीच सांगू शकत नाही. आणि ते 'अर्धं' निम्मं नसतंच. छिद्राचा आकार, नळीची जाडी, तुमची फुंक, सगळ्यावर ते ठरतं. माझ्या दोन बासऱ्यांवर ते वेगळं आहे.

तर ॲपवरचा तानपुरा प वर न लावता म वर लावा. मालकंससारखे पंचम नसलेले राग गाताना पहिली तार मध्यमात मिळवतात, तसंच. आता नुसता सा धरा. मग म धरा आणि ऐका. सूर जवळपास असेल तर तानपुऱ्याशी लागून आवाजात एक हेलकावा येतो, वॅव-वॅव-वॅव असा. बोट केसभर कलंडवा. हेलकावा मंदावला तर दिशा बरोबर, भराभर यायला लागला तर उलटी. होता होता तो थांबतो आणि तुमची बासरी तानपुऱ्यात नाहीशी झाल्यासारखी वाटते. तो म. दहा मिनिटं फक्त एवढंच करा. कंटाळा येईल. येऊ दे.

अजून एक. सा वरून म हे अंतर आणि मंद्र प वरून सा हे अंतर एकच आहे. प-सा तुम्हाला बिनचूक येतं, कारण दोन्ही अख्ख्या भोकांचे स्वर आहेत. तेव्हा आधी प-सा, प-सा असं पाच-सहा वेळा वाजवा, ती उडी कानात भरून घ्या आणि लगेच सा-म वाजवा. कान आपोआप तेवढीच उडी मागतो.

आणि तो ट्यूनर बंद करा आधी!

ट्यूनरभक्त

निषेध. नवशिक्याचा कान तयार नसताना "कानाने ऐका" म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्याशी मैत्री कर म्हणण्यासारखं आहे. मला सुरुवातीला ट्यूनरनेच तारलं. सुई हिरव्यात आली की निदान कळायचं तरी, हा सूर असा ऐकू येतो.

षड्जवेडी

तारलं असेल, पण गांधाराला काय केलंत? ट्यूनर सप्तकाचे १२०० सेंट बारा समान तुकड्यांत वाटतो, त्यामुळे शुद्ध ग ४०० वर दाखवतो. तानपुऱ्याच्या खर्जातून जो ग आपोआप ऐकू येतो त्याच्या कंपनांचं सा शी प्रमाण ५:४, म्हणजे तो सुमारे ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. सुई हिरवी करायला जाल तर ग तानपुऱ्याला टोचत राहील. आणि टोचतोय हे कळायला ट्यूनर उपयोगाचा नाही.

ट्यूनरभक्त

गांधाराचं मान्य. पण धागा मध्यमाचा आहे! शुद्ध म ४:३ चा, म्हणजे ४९८. ट्यूनर म्हणतो ५००. दोन सेंटवरून कोणाचं घर मोडत नाही. तेव्हा धागाकर्तीने म पुरता ट्यूनर जरूर वापरावा, ग ला बंद करावा. :)

मात्र एक सावधगिरी, जी मला फार उशिरा कळली. थंड बासरी उचलली की सगळेच सूर उतरलेले असतात. वाजवता वाजवता श्वासाने नळीतली हवा तापते आणि सूर चढतो. हवा एका अंशाने तापली की साधारण तीन सेंट. खोलीतला गारवा दहा अंशांनी बदलला की तीस सेंट इकडचे तिकडे, आणि ॲपमधला तानपुरा तसूभरही हलत नाही. म्हणून पाच-सात मिनिटं नुसती लांब फुंक घालून नळी तापवायची आणि मग तानपुरा बासरीच्या सा ला मिळवायचा. बहुतेक ॲप्समध्ये बारीक सूर हलवायची सोय असते. मी सहा महिने उलटं केलं. तानपुरा ठेवला जागेवर आणि त्याच्याशी जुळायला थंडीत जोरजोरात फुंकत बसलो. सा जुळायचा, बाकी सगळं वर उडायचं.

षड्जवेडी

हे मात्र लाख बोललात.

जुनी_वही

अवांतर, पण राहवत नाही. हे अर्ध्या बोटाचं दुखणं आजचं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांचा वेगळा अध्याय आहे आणि त्यात वेणूवर स्वर काढायच्या तीन तऱ्हा सांगितल्यात. बोट पूर्ण उचललं तर चार श्रुतींचा स्वर (श्रुती म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं बारीक माप), बोट थरथरत ठेवलं तर तीन श्रुतींचा, अर्धं उघडलं तर दोन श्रुतींचा. म्हणजे तेव्हाच्या वादकालाही भोकं पुरत नव्हती, उरलेलं काम बोटावरच होतं.

चिपळ्या

थरथरत्या बोटाने माझ्याकडून कितीही श्रुती निघतात, मोजायची सोय नाही.

बूचकाका

आलो. आता बोटाचं.

पहिली गोष्ट, म साठी तर्जनी वर उचलू नका. उचललं की परत कुठे टेकेल याचा भरवसा नसतो. ती कलंडवायची. छिद्राची एक कड बोटाखालीच राहिली पाहिजे. हे नुसत्या बोटाच्या पेराने केलं तर बोट आखडतं. मनगटाला किंचित झोका द्या, बोट आपोआप वळतं. काही जण बोट छिद्रावरून मागे ओढतात. तेही चालतं, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं) घ्यायला बरं पडतं, पण घाम आला की घसरतं.

आणि बोटाचं टोक वापरत असाल तर आजच सोडा. दोन फुटी बासरीला बोटं आडवी हवीत, पेराचा मांसल भाग भोकावर. रियाज झाला की बोटांकडे बघा. प्रत्येक बोटावर गोल ठसा उठला पाहिजे, अख्खा. कुठे ठसा तुटका असेल तर तिथून हवा गळतेय. मंद्र प फुसफुसण्याचं कारण दहात नऊ वेळा फुंक नसून अनामिकेची गळती असतं. तर्जनीवर मात्र म धरून झाल्यावर बघाल तर गोलाच्या जागी चंद्रकोर दिसेल. ती कोर रोज एकाच जागी उमटायला लागली की समजा बोटाला जागा कळली.

आता 'फुईक्'. यात दोन वेगळी कामं एका क्षणात करावी लागतात म्हणून ते होतं. मध्य म हा पहिल्या फुंकीतला शेवटचा स्वर, नळी जवळजवळ सगळी उघडी. मध्य प साठी नळी पूर्ण बंद, आणि फुंक दुसरी. म्हणजे मंद्र प चीच बोटं, पण ओठ आवळून हवेची धार बारीक आणि वेगवान करायची, की तोच प एक सप्तक वर उडतो. बोटं आधी पडली आणि ओठ मागे राहिले तर मंद्र प घुरघुरतो. ओठ आधी आवळले आणि बोटं मागे राहिली तर तुमचं 'फुईक्'.

म्हणून दोन्ही कामं वेगळी शिका. सहाही बोटं टेकवून ठेवा, हलवूच नका. नुसत्या ओठांनी मंद्र प, मध्य प, मंद्र प, मध्य प. जोर लावायचा नाही. जोर लावला की प चढतो आणि डोकं गरगरायला लागतं. गरगरलं तर बासरी खाली ठेवून शांत बसा, हट्ट करू नका. हे जमलं की मग म-प. आणि बोटं सहाच्या सहा एकत्र पडत नसतील तर तुमची बासरी बोटांच्या आधारावर उभी आहे. ती बोटांवर नाही, हनुवटी, अंगठे आणि तर्जनीच्या मुळावर तोलली पाहिजे. परीक्षा सोपी आहे. सगळी बोटं उचलून तीव्र म धरा. बासरी हलली, तर तोल चुकलाय.

अवांतर: तीव्र मध्यमाचं निघालंच आहे म्हणून. नळीच्या तळाशी सातवं छिद्र पाडून तीव्र मध्यमाची सोय केली ती बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी. तिथे करंगळी लागते. ती बंद केली की मंद्र प च्याही खाली तीव्र म मिळतो. बासरी ३२ इंचांपर्यंत लांब करून तिला खर्जाचा आवाज दिला तोही त्यांनीच. त्याआधी शास्त्रीय मैफिलीत बासरीला कोणी फारसं विचारत नव्हतं.

पीव्हीसी_वादक

मी पीव्हीसीच्या पाइपला भोकं पाडून शिकतोय. म त्यावरही तेवढाच छळतो. बांबूचा दोष नाही एवढंच सांगायला आलो.

भूपप्रेमी

एवढं कशाला करताय? भूप वाजवा. सा रे ग प ध. त्यात म नाही, नि नाही. माझे पहिले सहा महिने भूपावर गेले आणि मजेत गेले. मध्यम आपसूक येतो नंतर.

षड्जवेडी

आपसूक येत नाही हो. ग वरून प वर उडी मारायची सवय लागली की म कायमचा परका राहतो. माझं झालंय ते.

बूचकाका

दोघंही थोडे थोडे बरोबर. भूपाने फुंक बसते, बोटांचा तोल बसतो, सुरुवातीला वाजवल्यासारखंही वाटतं. पण म शिकायचा असेल तर दुर्गा घ्या. सा रे म प ध. ग नाही. धागाकर्तीचा म ग ला चिकटतो ना? ग च वगळला की चिकटायला कोणी उरत नाही. रे वरून सरळ म वर यायचं, तिथे थांबायचं, तानपुरा ऐकायचा, मग प. सावकाश. रे ला वरची दोन बंद, म ला त्यातलं मधलं बोट पूर्ण उचलायचं आणि तर्जनी कलंडवायची. दोन बोटांची दोन वेगळी कामं, पण चार दिवसांत जमतं.

ट्यूनरभक्त

काका, म वाजवताना खालच्या हाताची तीन बोटं टेकलेली ठेवली तर? म-प करताना तीन बोटांचं काम वाचतं.

बूचकाका

वाचतं. जलद तानेत काही जण ठेवतातही. पण त्याने सूर किंचित उतरतो, मग वरचं भोक जरा जास्त उघडावं लागतं. म्हणजे तर्जनीला दोन-दोन जागा शिकायच्या, खालचा हात उघडा असतानाची आणि बंद असतानाची. जिला अजून एक जागा सापडलेली नाही तिला ही लाच देऊ नका. आणि शिकवणीतल्या सरांना न विचारता अशा युक्त्या नकोत. त्यांना नंतर त्या मोडत बसाव्या लागतात.

कोमल_रे

एक प्रश्न. गुरू गाणारे किंवा सतार वाजवणारे असतील तर चालतं का? माझ्या आसपास बासरीचं कोणी नाही.

जुनी_वही

हरिप्रसाद चौरसिया ज्यांच्याकडे शिकले त्या अन्नपूर्णा देवी सूरबहार (सतारीच्या जातीचं वाद्य) वाजवत. बोटं कशी ठेवायची हे त्यांनी थोडंच सांगितलं असेल? स्वर कसा लावायचा, कुठे थांबायचं, राग कसा उलगडायचा, हे गाणाऱ्याकडूनही मिळतं. बोटांचं मात्र निदान सुरुवातीचे काही महिने बासरीवाल्याने बघितलेलं बरं. चुकीची बसली की उठवणं कठीण.

पोकळ_बांबू (धागाकर्ती)

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गायब होते, कारण सांगितलेलं करत होते.

पहिल्या आठवड्यात दुसरं काही वाजवलंच नाही. मध्यमातला तानपुरा आणि मी. षड्जवेडी म्हणतात तो हेलकावा पहिल्या दिवशी ऐकूच आला नाही. वाटलं, काहीतरी गूढ सांगतायत. तिसऱ्या दिवशी ऐकू आला तो बासरी वाजवताना नाही, तर दोन फोनवर दोन तानपुरे चुकून वेगवेगळ्या पट्टीत लागले तेव्हा! मग कळलं नेमकं काय ऐकायचंय. त्यानंतर म धरला की सापडायला लागला. आधी एकदा, मग तीनदा, मग पाचातून चारदा. प-सा वरून सा-म ची युक्ती तर अफलातून. कान खरंच तेवढीच उडी मागतो.

बोटांवरचे ठसे बघितले. पाच बोटांवर अख्खा गोल आणि उजव्या अनामिकेवर पाऊण. माझा मंद्र प दमेकऱ्यासारखा का वाजायचा ते आठ महिन्यांनी कळलं. आणि हो, तर्जनीवर कोर उमटते. अजून रोज जरा जरा सरकते.

तोल खरंच चुकला होता. सगळी बोटं उचलली की बासरी गडगडत आत वळायची, म्हणून मी बोटं घाबरत घाबरत उचलत होते. सरांना दाखवलं, त्यांनी उजवा अंगठा थोडा मागे घ्यायला लावला. 'फुईक्' अजून आहे, दिवसातून दोन-चार वेळा. पूर्वी मोजता येत नव्हते.

दुर्गा सुरू केलाय. आईने काल पहिल्यांदा "चौथा सूर पडला" म्हटलं नाही. मी मुद्दाम म वर थांबले, बराच वेळ थांबले, तरी पलीकडून आवाज नाही. म्हटलं, झोपली की काय. तर दारात येऊन उभी. म्हणाली, "तो आता बरा आहे. पण ध चढतोय."

ऐकून बघितलं. चढतोय.

बूचकाका

चढणारच. प वर जाण्याच्या नादात तुम्ही ओठांऐवजी पोटाने फुंकताय, आणि तोच जोर ध वर जातो. मध्य ध ला ओठ प सारखेच ठेवा, फुंक अर्धी करा. तरी चढला तर बासरी केसभर आत वळवा, सूर उतरेल. मंद्र ध तानपुऱ्यात नीट लागतोय ना, ते आधी तपासा. तो बरोबर आणि मध्यातला चढलेला असेल तर फुंकच. दोन्ही चढलेले असतील तर बासरीचं सहावं छिद्र मोठं आहे, मग कडेला जरासं मेण लावून बघू.

पोकळ_बांबू (धागाकर्ती)

मंद्र ध बरोबर आहे. आईलाच विचारलं.